ऑफसेटमुळे बॉल नक्की किती वळतो?

गोल्फमध्ये स्लाइस, म्हणजे बॉलचं उजवीकडे वळणं, जात नाही म्हटलं की दुकानात काय, सरावाच्या रेंजवर काय, सल्ला एकच मिळतो: ऑफसेटवाला, म्हणजे बॉलला लागणारा भाग दांड्याच्या जरा मागे असलेला क्लब घे. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ऑफसेट काम करतो हे खरं, पण किती करतो आणि कोणत्या वाटेने करतो हे सहसा कोणी सांगत नाही. मग एकजण नवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) घेऊनही पहिल्या टीवरून उजवीकडच्या झाडांतच बॉल घालतो. दुसऱ्याचा बॉल मुळातच डावीकडे वळत असतो, तो सेकंड-हँड सेट स्वस्तात मिळाला म्हणून उचलतो आणि पुढे हुकशी, म्हणजे डावीकडच्या जोरदार वळणाशी, झगडत बसतो. दोघांचंही नुकसान टाळता येतं, म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन लिहितोय. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

आधी मोजायचं काय ते पाहू. शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, ज्या नळीत बसतो तो हॉझल. हॉझलच्या पुढच्या कडेपासून फेसची (बॉलला लागणाऱ्या पृष्ठभागाची) खालची कड, म्हणजे लीडिंग एज, जितकी मागे असते तितका त्या क्लबचा ऑफसेट. ब्लेड प्रकारच्या, म्हणजे सडपातळ, भरीव आयर्नमध्ये (आयर्न म्हणजे मधल्या अंतरांचे, नंबर असलेले क्लब) तो साधारण दोन-तीन मिलिमीटर असतो. नवशिक्यांसाठीच्या जाड, पाठीला खळगा असलेल्या आयर्नमध्ये पाच-सहा, आणि त्यांच्या चार-पाच नंबरच्या क्लबमध्ये त्याहूनही जास्त सापडतो. सेटमध्ये नंबर चढत जाईल तसा ऑफसेट कमी होत जातो आणि वेजपर्यंत, म्हणजे सगळ्यात कमी अंतराच्या क्लबपर्यंत, जवळजवळ संपतो. ड्रायव्हरची गोष्ट उलटी. नेहमीच्या ड्रायव्हरचा फेस शाफ्टच्या पुढेच असतो, त्यामुळे ‘ऑफसेट ड्रायव्हर’ म्हणजे तोच फेस दहा-पंधरा मिलिमीटर मागे ओढलेला ड्रायव्हर. कोब्रा, टूर एज अशा कंपन्यांनी असे ड्रायव्हर काढलेले आहेत. हॉझल बारकाईने पाहिला तर खाली येताना त्याला पुढून मागे एक बाक दिसतो.

घरी मोजायचं तर सपाट टेबल, एक गुण्या आणि स्टीलची पट्टी पुरे. क्लबचा सोल (तळ) टेबलावर नीट टेकवा, फेसवरच्या रेघा टेबलाच्या कडेला समांतर करा. शाफ्ट पुढे किंवा मागे झुकता कामा नये, समोरून पाहिल्यावर तो नेहमीच्या लायमध्ये (शाफ्ट आणि जमीन यांच्यातल्या कोनात) तिरका दिसला पाहिजे आणि बाजूने पाहिल्यावर सरळ उभा. गुण्याची उभी बाजू हॉझलच्या पुढच्या कडेला लावा आणि तिथून लीडिंग एजपर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. चूक होते ती एकाच ठिकाणी: खेळताना ग्रिप डाव्या मांडीकडे धरायची सवय असल्याने इथेही शाफ्ट पुढे झुकवला जातो, आणि चार मिलिमीटरचा ऑफसेट सहा-सात भरतो. मदतीला कोणीतरी बाजूने पाहणारा असला की ही चूक होत नाही.

वेळेचा हिशेब

ऑफसेटचं सगळ्यात प्रसिद्ध स्पष्टीकरण असं की फेस शाफ्टच्या मागे असल्याने तो बॉलपर्यंत किंचित उशिरा पोचतो आणि तेवढ्या वेळात आणखी बंद होतो, म्हणजे डावीकडे फिरतो. हे बरोबर आहे. आता आकडे घालून बघू.

ड्रायव्हरचा वेग ताशी ९० मैल धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० मीटर. फेस १५ मिलिमीटर मागे असेल तर त्याला बॉलपर्यंत यायला साधारण ०.३७ मिलिसेकंद जास्त लागतात. बॉल फेसला चिकटून असतो तोही जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे आपण किती छोट्या वेळाबद्दल बोलतोय ते लक्षात येईल. इम्पॅक्टच्या, म्हणजे बॉलला फटका लागण्याच्या, आसपास फेस बंद होण्याचा वेग खेळाडूगणिक बदलतो, पण सेकंदाला २,००० ते ३,००० अंश ही पट्टी बहुतेकांना लागू पडते. २,५०० धरले तर ०.३७ मिलिसेकंदात फेस सुमारे ०.९ अंश बंद होतो. एक अंशाला थोडा कमी.

आयर्नमध्ये तर फरक आणखी लहान. सात नंबरचा क्लब ताशी ७५ मैल वेगाने येत असेल आणि एका सेटपेक्षा दुसऱ्या सेटचा ऑफसेट ५ मिलिमीटरने जास्त असेल, तर वाढीव वेळ ०.१५ मिलिसेकंद आणि फेसमधला फरक एक तृतीयांश अंशाच्या जरा वर. १४० यार्डांवर हा फरक सुरुवातीची दिशा आणि वळण मिळून एक-दीड यार्डाचा. हिरवळीवर तो तुम्हाला दिसणारही नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, जो सहसा सुटतो. बॉल उशिरा लागतो तेव्हा फक्त फेस बंद होत नाही, हेड (क्लबचं डोकं) आपल्या चापावर पुढेही गेलेलं असतं. चाप तिरक्या पातळीत असल्याने पुढे गेलं की पाथ, म्हणजे हेडच्या जाण्याची दिशा, थोडा डावीकडे वळतो आणि हेड थोडं वर उठायला लागतं. वरच्या ड्रायव्हरच्या उदाहरणात पाथचं हे सरकणं साधारण ०.४ अंश येतं. बॉलचं वळण ठरतं ते फेस आणि पाथ यांच्यातल्या कोनावर. फेस ०.९ ने बंद झाला आणि पाथ ०.४ ने डावीकडे गेला, तर वळणासाठी हाती लागला निव्वळ अर्धा अंश. पाथचा हा आकडा सहसा विसरला जातो.

आणि हाच परिणाम फुकटातही मिळतो. बॉल टीवर डाव्या टाचेच्या दिशेने पंधरा मिलिमीटर पुढे ठेवा, हिशेब तोच लागू होतो. म्हणून ऑफसेट ड्रायव्हर विकत घेण्याआधी बॉलची जागा तपासणं मला फार गरजेचं वाटतं. बॉल स्टान्सच्या, म्हणजे दोन पावलांमधल्या जागेच्या, मध्याकडे ठेवून फेस बंद होण्याची वाट बघणारे कितीतरी खेळाडू कुठल्याही रेंजवर दिसतात.

शाफ्ट पुढे वाकतो त्याचं काय

दुसरी वाट कमी चर्चेत असते, पण उंचीच्या बाबतीत तीच मोठी. डाउनस्विंगच्या शेवटी हेड प्रचंड जोराने बाहेर ओढलं जातं. २०० ग्रॅमचं ड्रायव्हरचं हेड ४० मीटरच्या वेगाने फिरतं तेव्हा शाफ्टच्या टोकाला वीस-पंचवीस किलो वजन लटकवल्यासारखी ओढ असते. हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो, तो मागे आणि टोच्या, म्हणजे हेडच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाच्या, बाजूला असतो. ओढ त्याला हातांच्या रेषेत आणू पाहते, आणि त्यासाठी शाफ्टचं टोक पुढे वाकतं. हेड पुढे निघालं की फेसचा लॉफ्ट (मागे कललेला कोन) वाढतो आणि फेस किंचित बंदही होतो. ऑफसेटने फेस मागे नेला की गुरुत्वमध्यही मागे जातो, वाकणं वाढतं, बॉल जास्त उंच निघतो.

किती उंच, ते शाफ्टवर आणि वेगावर अवलंबून. टोकाकडे मऊ असलेला शाफ्ट आणि वेगवान स्विंग असेल तर परिणाम जाणवण्याइतका. कडक शाफ्ट आणि संथ स्विंग असेल तर नाममात्र. ज्यांचा बॉल खुजा निघून लवकर पडतो त्यांना ही उंची हवीच असते, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा फेअरवे (मधले छाटलेल्या गवताचे पट्टे) ओले असतात, रोल मिळत नाही आणि कॅरी, म्हणजे बॉलचं हवेतलं अंतर, हाच सगळा भरवसा. ज्यांचा बॉल आधीच आभाळात जाऊन वाऱ्यावर तरंगतो त्यांनी मात्र ऑफसेट वाढवताना लॉफ्टकडे लक्ष ठेवावं.

वाढलेल्या लॉफ्टचा स्लाइसवरही उपकार आहे. बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) जास्त असला की तेवढाच फेस-पाथ कोन स्पिनचा अक्ष कमी कलवतो, आणि वळण घटतं. म्हणूनच ज्याचा ड्रायव्हर उजवीकडे पळतो त्याचा नऊ नंबरचा क्लब बऱ्यापैकी सरळ जातो. स्विंग तोच असतो, लॉफ्ट वेगळा.

आयर्नच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी काढून पाहिली पाहिजे. ऑफसेट जास्त असलेल्या सेटमध्ये सात नंबरचा लॉफ्ट बहुधा २८ ते ३० अंश असतो, ब्लेडच्या सेटमध्ये ३४-३५. त्या जाड क्लबचा गुरुत्वमध्य खाली असतो, सोल रुंद असतो, फेस पातळ असतो. म्हणजे ‘ऑफसेटवाल्या सेटने बॉल उंच आणि लांब जातो’ या वाक्यात ऑफसेटचा वाटा छोटा आहे, बाकी सगळी करामत इतर चार गोष्टींची.

आता दोन्ही वाटा एकत्र करून एका स्लाइसचा हिशेब लावू. कॅरी २०० यार्ड. इम्पॅक्टला फेस लक्ष्याच्या २ अंश उजवीकडे उघडा, पाथ ६ अंश बाहेरून आत (डावीकडे), म्हणजे फेस-पाथ कोन ८ अंश. ड्रायव्हरने बॉलची सुरुवातीची दिशा सुमारे ८५ टक्के फेस ठरवतो, त्यामुळे बॉल एका अंशाहून कमी उजवीकडे, दोन-तीन यार्डांच्या फरकाने निघतो. लॉफ्ट आणि अटॅक (हेड वर किंवा खाली जाण्याची दिशा) यांच्यातला कोन १४ अंश धरला तर स्पिनचा अक्ष २९ अंश उजवीकडे कलतो, आणि अक्षाच्या दर अंशाला कॅरीच्या ०.७ टक्के या ढोबळ मापाने वळण ४१ यार्ड. बॉल लक्ष्याच्या ४४ यार्ड उजवीकडे पडला. ऑफसेट ड्रायव्हरने फेस १.१ अंश उघडा राहतो, पाथ ६.४ अंश, लॉफ्ट अंशभर वाढतो. बॉल अगदी लक्ष्याच्या रेषेवर निघतो, अक्ष २६ अंश, वळण ३७ यार्ड. बॉल ३७ यार्ड उजवीकडे.

सात यार्ड मिळाले. सात यार्ड कमी नाहीत. फेअरवेच्या कडेला खेळणाऱ्याला ते रफमधून (कडेच्या वाढलेल्या गवतातून) बाहेर काढतात. पण ज्याचा बॉल ४४ यार्ड बाहेर जातो त्याला ते झाडांच्या आत जरा अलीकडे नेतात, एवढंच. त्याला हवी आहे ती ग्रिपची, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीची, दुरुस्ती. डाव्या हाताच्या बोटांच्या दोन गाठी दिसत असतील तर तीन दिसेपर्यंत हात उजवीकडे फिरवावा, उजवा तळवाही त्याच्या जोडीने. फेस यातून कित्येक अंशांनी बदलतो, त्याच्या पुढे ऑफसेटचा एक अंश काहीच नाही.

डोळ्यांना काय दिसतं

तिसरी वाट हिशेबात बसत नाही, कारण ती डोळ्यांतून जाते. वरून पाहताना ऑफसेटवाल्या आयर्नचा हॉझल पुढे आलेला आणि फेस मागे दबलेला दिसतो. काहींना असा फेस बंद वाटतो, म्हणून ते नकळत तो उघडून ‘सरळ’ करतात. अंश-दीड अंश इथेच गेला, आणि क्लबने दिलेलं सगळं परत. काहींना उलट वाटतं. ते हॉझलच्या कडेकडे पाहून फेस लावतात आणि बॉल सुरुवातीपासूनच डावीकडे जातो. आणखी एक गट आहे: हात बॉलच्या पुढे हवेत हे शिकलेले. ऑफसेटमुळे शाफ्ट आधीच पुढे आहे, त्यावर हे खेळाडू हात आणखी पुढे दाबतात. शाफ्ट एक अंश पुढे झुकला की लॉफ्टही एक अंश कमी होतो आणि बहुतेकांच्या हातून फेस उजवीकडे उघडतो. उंच जाण्यासाठी घेतलेल्या क्लबने खुजा, उजवीकडचा बॉल!

उपाय साधा आहे. फेस लावताना टॉपलाइनकडे (हेडच्या वरच्या कडेकडे) आणि हॉझलकडे बघायचंच नाही, सगळ्यात खालची रेघ बघायची. त्या रेघेत पांढरा रंग भरून घ्या. बारीक काडीने नेलपॉलिश भरून वर अॅसिटोनचा बोळा सपाट फिरवला तर रेघेतला रंग तेवढा राहतो. ती रेघ लक्ष्याला काटकोनात आली की फेस सरळ, मग वरून तो कसाही दिसो. ग्रिपचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला आलं की थांबायचं, त्यापुढे दाबायचं नाही.

बदलाच्या निमित्ताने दोन सेट तपासायचे असतील तर सात नंबरचे दोन्ही क्लब घ्या आणि आधी त्यांचा लॉफ्ट, लांबी आणि लाय मोजून घ्या. लाय तर सोडूच नका. ३२ अंश लॉफ्टच्या क्लबला लाय एक अंशाने जास्त उभा असेल तर फेस ०.६ अंश डावीकडे बघतो. म्हणजे दोन अंशांची लाय ५ मिलिमीटर ऑफसेटच्या तिप्पट भारी. ‘ऑफसेटने हुक आला’ अशा कितीतरी तक्रारी लाय मोजला की तिथेच सुटतात. पुसता येणाऱ्या मार्करने बॉलवर जाड ठिपका काढा, ठिपका फेसच्या बाजूला ठेवून मारा, म्हणजे बॉल फेसवर कुठे लागला ते उमटेल. ड्रायव्हरवर हे फार महत्त्वाचं, कारण हीलवर, म्हणजे शाफ्टजवळच्या टोकावर, लागलेला बॉल गिअर इफेक्टने (फटका मध्यापासून बाजूला लागल्याने मिळणाऱ्या फिरकीने) उजवीकडे वळतो आणि टोवर लागलेला डावीकडे, ऑफसेट कितीही असो. क्लब आळीपाळीने बदलत दहा-दहा बॉल मारा. एका क्लबचे सगळे बॉल आधी मारून टाकले तर दमलेल्या हातांचा परिणाम दुसऱ्या क्लबच्या नावावर जमा होतो. प्रत्येक बॉलचं कुठून निघाला आणि कुठे वळला हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा, कुठे पडला एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही. रेंजवर चटई असेल तर जमिनीला आधी लागलेला फटकाही चांगला वाटतो, म्हणून शक्य असेल तेव्हा गवतावरून मारा.

कोणी ऑफसेट घेऊ नये, तेही स्पष्ट सांगतो. ज्याचा वाईट फटका डावीकडे जातो त्याने कमी ऑफसेटचाच सेट घ्यावा. जो फेड (हलकासा उजवीकडे वळणारा फटका) मुद्दाम मारतो, वाऱ्यात बॉल खाली ठेवतो, त्यानेही. उलट ज्याचा बॉल सरळ निघून हलकासा उजवीकडे झुकतो आणि जरा खुजा राहतो, त्याच्यासाठी चार-सहा मिलिमीटरचा ऑफसेट अगदी योग्य. त्याला हवा तेवढाच बदल हा क्लब देतो.

वेजमध्ये ऑफसेट जवळजवळ नसतो याला कारण आहे. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) किंवा छोट्या चिपला फेस उघडावा लागतो, आणि ऑफसेट असेल तर उघडताना लीडिंग एज शाफ्टच्या आणखी मागे, वेड्यावाकड्या कोनात दिसते. अडचण येते ती सेटमधला नऊ नंबर ४ मिलिमीटरचा आणि वेगळा घेतलेला सँड वेज १ मिलिमीटरचा असतो तेव्हा. त्याच जागी ठेवलेला बॉल वेजने लवकर लागतो आणि किंचित उजवीकडे निघतो. पिचिंग आणि गॅप वेज सेटबरोबरचेच ठेवून फक्त सँड आणि लॉब वेज बाहेरून घेतले की ही उडी निदान पूर्ण स्विंगमध्ये येत नाही.

पटरचा, म्हणजे हिरवळीवर बॉल कपात घालायच्या क्लबचा, ऑफसेट हा वेगळाच विषय. कार्स्टन सोल्हाइम यांनी १९६६ मध्ये आणलेल्या पिंग अॅन्सरचा नळासारखा वळलेला हॉझल आज असंख्य पटरांवर दिसतो, आणि त्यात फेस शाफ्टच्या पूर्ण जाडीइतका मागे असतो. पण पटिंगमध्ये फेस इतका सावकाश फिरतो की वेळेचा हिशेब जवळपास शून्य. तिथे ऑफसेट बदलतो तो निशाणा आणि हातांची जागा, आणि कोणाचा निशाणा कुठे सरकेल ते त्याच्या डोळ्यांवर आहे. सहा फुटांवरच्या कपावर पटर लावा, मागून कोणाला तरी फेस कुठे बघतोय ते पाहायला सांगा. दोन वेगळ्या ऑफसेटचे पटर असे तपासले की पुरे.

शेवटी, आहे त्याच सेटमध्ये ऑफसेट कमी-जास्त करता येतो का? थोडा येतो, पण लॉफ्टच्या बदल्यात. क्लब वाकवण्याच्या यंत्रावर लॉफ्ट एक अंशाने कमी केला की ऑफसेट अर्धा ते एक मिलिमीटर वाढतो, आणि बाउन्स (सोलचा जमिनीशी होणारा कोन) एक अंश घटतो. लॉफ्ट वाढवला की उलट: ऑफसेट कमी, बाउन्स जास्त. म्हणजे हुकवाल्याने लॉफ्ट दोन अंश वाढवून घेतला तर ऑफसेट एक-दीड मिलिमीटरने उतरतो, बॉल उंच जातो आणि अंतर थोडं कमी होतं. मऊ कार्बन स्टीलचे फोर्ज्ड क्लब हे सहज सोसतात. ओतीव स्टेनलेस स्टीलच्या कडक क्लबला दोन अंशांपुढे जाऊ नका, हॉझल तडकू शकतो. आणि वाकवणाऱ्याला आधी विचारा की हेड पोकळ आहे का, कारण पोकळ हेडच्या बाबतीत पुष्कळ कारागीर कामच घेत नाहीत. वाकवायचाच तर एखादा क्लब नाही, सगळा सेट घ्या, आणि आधीचा व नंतरचा लॉफ्ट, लाय आणि ऑफसेट क्लबगणिक लिहून ठेवा. नाहीतर आठ आणि नऊ नंबरमधलं दहा यार्डांचं अंतर कधी पाच झालं हे मैदानावर उभं राहिल्यावरच कळतं.